चपलांचं कपाट

सकाळी सातला पहिली हजेरी व्हायची. चौतीस मुली भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. फाटकावरची बाई एकेक आकडा पुकारायची आणि त्या आकड्याची मुलगी "हजर" म्हणायची. नऊला पुन्हा तेच, अकराला पुन्हा तेच. झोपेपर्यंत सात वेळा मोजणी. कोंबड्या पाळणारासुद्धा दिवसातून दोनदाच मोजतो.

इमारत पूर्वी कागदाचं गोदाम होती. खिडक्या उंचावर होत्या आणि त्यांचा खालचा अर्धा भाग विटांनी बंद केलेला. आत झोपायच्या तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक शिवणवर्ग आणि मधे फरशीचं अंगण. बाहेर पाटी नव्हती. विकल्या गेलेल्या आणि छापे घालून सोडवून आणलेल्या मुली इथे राहतात हे रस्त्यावर कळू नये, म्हणून. तरीही ते सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

फाटकावरच्या बाईच्या पदाला कागदोपत्री 'मावशी' म्हणत. पण नव्या मुली त्या हाकेनेच दचकायच्या. जिथून त्यांना सोडवून आणलं होतं, तिथल्या मालकिणीलाही मावशीच म्हणावं लागायचं. एकीने एकदा हसत हसत म्हटलं होतं, "माय मरो, मावशी उरो म्हणतात ना? आमची उरली, म्हणून तर आमचं हे झालं." तेव्हापासून फाटकावरची बाई सगळ्यांची आत्या झाली.

हे बोलणारी मुलगी साडेपंधरा वर्षांची होती. तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. जेवताना, केस विंचरताना, झोपेतसुद्धा तिची बडबड चालू असायची. शेजारच्या एका दादाने शहरात काम देतो म्हणून तिला घरातून नेलं होतं. छाप्यात तोही सापडला. विसाव्या दिवशी तो जामिनावर सुटून घरी गेला. खटल्यात तिची साक्ष व्हायची होती, म्हणून रेडिओ मात्र चौदा महिने इथे होती. साक्षीची तारीख पाच वेळा पुढे गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण लहानपणी आपण सगळ्यांनी पाठ केली. ती चौदा महिने जगणारी मुलगी कशी दिसते, ते पाहायला मात्र कोणी गेलं नाही.

संस्थेत आठवड्यातून तीन दिवस एक निवृत्त शिक्षिका शिकवायला यायच्या. चाळीस वर्षं त्यांनी लहान मुलांना गणित शिकवलं होतं. इथे आल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडून वीसपर्यंतचे पाढे म्हणून घेतले, आणि त्यांचं नाव पाढेबाई पडलं. त्यांना ते आवडलं.

पहिल्याच दिवशी पाढेबाईंच्या हातून एक चूक झाली होती. वर्गात आल्या तर सगळ्या मुली अनवाणी. त्यांनी लगेच स्वतःच्या चपला दाराबाहेर काढल्या आणि म्हणाल्या, "वा! विद्येच्या जागी चपला घालायच्या नाहीत, हे तुम्हाला कोणी शिकवलं? माझ्या शाळेत हे सांगून सांगून माझा घसा बसायचा." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

ही चूक एकट्या पाढेबाईंची नव्हती. देणगीदार येत, अधिकारी येत, भेटवस्तू घेऊन बायकांची मंडळं येत. घरात अनवाणी वावरणं आपल्याला इतकं सवयीचं, की चौतीस जोड उघडे पाय पाहून कोणाच्याही मनात प्रश्न आला नाही. उलट अभिप्रायाच्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं, 'स्वच्छता व शिस्त वाखाणण्याजोगी.'

दोन महिन्यांनी पाढेबाईंनी फळ्यावर एक गणित घातलं.

"चौतीस मुली. प्रत्येकीला चपलांचा एक जोड. तर एकूण चपला किती?"

"शून्य," रेडिओ म्हणाली.

वर्ग खदखदून हसला. पाढेबाई रागावल्या नाहीत. चुकलेलं उत्तर आलं की त्यांना उलट हुरूप यायचा. "शून्य कसं गं? चौतीस दुणे?"

"अडुसष्ट."

"मग?"

"गणिताचं उत्तर अडुसष्ट, पाढेबाई. खरं उत्तर शून्य. चपला कपाटात आहेत. किल्ली मॅडमकडे."

हसणं थांबलं. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "गप की गं. उगाच हजेरी वाढेल."

"वाढू दे. आठ झाली तर मी आठ वेळा हजर म्हणेन." रेडिओ पाढेबाईंकडे वळली. "बाहेर सगळी खडी आहे ना, आणि पुढं काटे. अनवाणी माणूस लांब पळू शकत नाही. तिथंसुद्धा असंच होतं. तिथली मावशी आल्या आल्या चपला काढून घ्यायची. मी इथं आले तेव्हा आत्यांनी म्हटलं, 'चपला दे बाळ.' तेव्हा मला वाटलं, पुन्हा विकली की काय!"

ती हे सांगताना हसत होती. पाढेबाईंना हसू आलं नाही. पहिल्या दिवशी आपण काय बोललो ते त्यांना आठवलं, आणि मान वर करून मुलींकडे पाहणं त्यांना जमेना. त्यांनी फळा पुसला. पुसलेला फळा पुन्हा पुसला.

वर्ग सुटल्यावर त्या मॅडमच्या, म्हणजे अधीक्षिकेच्या, खोलीत गेल्या. खोलीबाहेरच्या बोळात ते लोखंडी कपाट होतं. रोज त्या त्याच्यासमोरूनच जात होत्या.

अधीक्षिका वाईट बाई नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. चौतीस मुलींना ती एकटी पुरी पडत होती. तीन पदं रिकामी होती. मुलींच्या आजारपणात ती रात्रीही घरी जायची नाही.

"बसा बाई. चहा घेणार?"

"चहा नको. मुलींच्या चपला द्या."

अधीक्षिकेने पेन खाली ठेवलं. "चार वर्षांपूर्वी इथून दोघी पळाल्या. तेव्हा चपला पायातच असायच्या. माझी सात महिने चौकशी चालली. मला विचारलं, कुलूप कोणत्या बनावटीचं होतं? भिंत किती फूट? बाहेरचा दिवा चालू होता का?"

"त्या का पळाल्या, हे विचारलं?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"एक आईकडे गेली होती, भेटायला. दुसरी सापडलीच नाही."

"आईला भेटायला गेलेल्या मुलीसाठी चौतीस मुलींचे पाय उघडे?"

"बाई, तुम्ही शिकवून तासाभरात घरी जाता. एक मुलगी गेली तर सतरा प्रश्न मला येतात. इथं मुलींना बरं आहे का, असं पत्र मला आजवर वरून आलेलं नाही. मुली आहेत ना, एवढंच विचारतात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "बघू. वर लिहिते."

लिहिलंही असेल. कागदी घोडे नाचायला वेळ लागतो.

शिवणवर्गात अकरा यंत्रं होती, त्यातली चार चालू. पुनर्वसन म्हणजे शिवण, असं कोणीतरी कधीतरी ठरवलं होतं. जिला शिवणं आवडतं तीही शिवायची, जिला नाही तीही शिवायची. यंत्रं जुनी, सुया सतत तुटायच्या, तुकडे उडून फरशीच्या फटीत जायचे. सुया असलेल्या खोलीत अनवाणी मुली बसवायच्या, हे एकाही तपासणीत कोणाला खटकलं नव्हतं. कोणी कात्री पळवू नये म्हणून ती साखळीने टेबलाला बांधलेली होती. तेवढी काळजी मात्र होती.

गुरुवारी दुपारी रेडिओ कापडाचा तागा घेऊन उठली आणि तिसऱ्या पावलाला ओरडली. उजव्या टाचेत सुई गेली होती. आत्याने टाच धरून सुईचा दिसणारा भाग ओढून काढला. टोक निघालं नाही. आत्याने हातात आलेला तुकडा बोटाच्या नखावर घेऊन अधीक्षिकेला दाखवलं. "मॅडम, ही अर्धीच आहे. अर्धी आत आहे."

परिचारिका मंगळवारी यायची. गुरुवार मंगळवारपासून फार लांब असतो. पट्टी बांधली, ठणक थांबायची गोळी दिली.

शुक्रवारी सकाळी टाच फुगली, अंगात ताप चढला. दवाखाना गाडीने अकरा मिनिटांवर होता. पण साक्षीदार मुलीला फाटकाबाहेर न्यायचं तर दोन महिला पोलीस सोबत हव्यात असा नियम होता. अधीक्षिकेने पत्र पाठवलं. दुपारी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मोठे साहेब येताहेत ना उद्या, सगळ्या बंदोबस्ताला गेल्यात. सोमवारी बघू."

"रुग्णवाहिका बोलावते मग."

"बोलवा की. पण सोबत लागणारच. मागच्या वर्षी परत गेली होती ना तुमच्याच फाटकावरून?"

गेली होती. अधीक्षिकेने फोन ठेवला आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं.

शनिवारी दहा वाजता पाढेबाई आल्या. वर्गात फार शांत होतं. "आज रेडिओ बंद का?" त्यांनी विचारलं. कोणी हसलं नाही. एक मुलगी त्यांना हाताला धरून झोपायच्या खोलीत घेऊन गेली.

रेडिओचे डोळे अर्धवट उघडे होते. घोट्याच्या वरून एक लाल रेघ पोटरीपर्यंत चढली होती. पाढेबाईंनी हात लावला. काय गं, म्हणून विचारलं. तिने ओठ हलवले, शब्द आला नाही.

पाढेबाई अधीक्षिकेच्या खोलीत गेल्या तेव्हा चाळीस वर्षांत कधी चढला नव्हता इतका त्यांचा आवाज चढला. "पाय सडतोय पोरीचा! गाडी मागवा."

"दोन पत्रं पाठवलीत, बाई."

"पत्रांनी ताप उतरतो का?"

"नियम मी केलेला नाही."

"पण मोडायचा नाही हे तुम्हीच ठरवलंय ना? मी लिहून देते. सगळी जबाबदारी माझी. कुठं सही करू?"

"तुमची सही चालत नाही. तुम्ही बाहेरच्या." अधीक्षिकेने टेबलावरच्या शिक्क्यावर हात ठेवला. "माझी चालते. आणि मी केली, आणि ती वाटेत पळाली, तर?"

"कशानं पळणार? कुठल्या पायानं?"

तेवढ्यात फाटकावर भोंगा वाजला. रोजचा भाजीचा टेम्पो आला होता. आत्याने फाटक उघडलं, पोती उतरवून घेतली, आणि नेहमीसारखं फाटक लावून घेतलं नाही. ती सरळ झोपायच्या खोलीत गेली, रेडिओला चादरीसकट उचललं आणि अंगणात आली. साठीला टेकलेली बाई. तिला असं काही उचलताना कोणी पाहिलं नव्हतं.

"आत्या, काय करताय?" अधीक्षिका दारात आली.

"दवाखान्यात नेते, मॅडम."

"परवानगी?"

"ती तुम्ही लिहीत बसा. अकरा वर्षं हे फाटक मी लावलं. आज उघडलं म्हणून कोणाचं घोडं मारलं नाही." मग टेम्पोवाल्याकडे वळून तिने आवाज दिला, "बघतोस काय दादा? पोती सरकव. पोरीला आडवं झोपवायचंय."

टेम्पोवाला घाबरला होता. "मावशी, लफडं नको हो मला..."

"मावशी नाही, आत्या म्हण. आणि चालव."

पाढेबाई मागे चढल्या. अधीक्षिका दारात उभी होती. तिने अडवलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. टेम्पो वळून दिसेनासा झाल्यावर ती आत गेली आणि तिसरं पत्र लिहायला बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली, पाय पाहिला आणि त्या दोघींकडे पाहिलं. "परवा आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. काल आणलं असतं तर चार दिवसांचं. तुम्ही आज आणलंय."

रविवारी सकाळी रेडिओचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापला. जीव वाचला.

सोमवारी दोन महिला पोलीस आल्या. शुक्रवारी ज्या मिळाल्या नाहीत, शनिवारी मिळाल्या नाहीत, त्या आता वॉर्डच्या दाराशी दोन खुर्च्या टाकून बसल्या. वरातीमागून घोडं आलं, आणि तेही वरात अडवायला. मुलगी संस्थेबाहेर आहे, ती पळून जाऊ नये, असा त्यांना हुकूम होता.

रेडिओने उशीवरून त्यांच्याकडे पाहिलं, मग चादरीच्या सपाट जागेकडे पाहिलं. "पाढेबाई," ती म्हणाली, "ह्यांना सांगा, चहा पिऊन या. मी कुठं जात नाही."

त्या दोघींतली तरुण होती तिने मान खाली घातली. दुसरी मोबाइल पाहत राहिली.

बुधवारी संस्थेत चौकशी समिती आली. माणसं तीन, आणि छापील प्रश्नांचा एक कागद. त्या दिवशी सकाळी कपाट उघडलं होतं. मुलींच्या पायांत चपला होत्या, बहुतेकींना लहान, कारण वर्षभरात मुलींचे पाय वाढतात हे कपाटाला कळत नाही. आत्याला उभं करून अध्यक्षांनी विचारायला सुरुवात केली. फाटक किती वाजता उघडलं? कोणाच्या हुकुमाने? टेम्पोचा क्रमांक काय? चालक पुरुष आहे हे माहीत असून मुलीला त्यात का बसवलं?

"बसवलं नाही साहेब. झोपवलं. बसता येत नव्हतं तिला."

"विचारलं तेवढंच सांगा. परवानगी कोणाची घेतली?"

"तिच्या तापाची."

अध्यक्षांनी कागदावर लिहिलं, 'परवानगी घेतली नाही.' आत्याला त्याच दुपारी कामावरून दूर केलं. फाटकाची किल्ली नव्या बाईला मिळाली. त्या छापील कागदावर बावीस प्रश्न होते. सुई किंवा टाच किंवा दोन दिवस, असा एकही शब्द त्यात नव्हता. बावीस प्रश्न लिहायला कोणीतरी शहाणा माणूस बसला असेल, त्याने पुनःपुन्हा वाचून शुद्धलेखन तपासलं असेल. त्याच्या मनात कुलूप आलं, भिंत आली, वाहन आलं. मुलगी आली नाही.

आणि हा माणूस आपल्यातलाच आहे. आपण त्यालाच निवडतो, नेमतो, त्याच्या कार्यक्रमांना टाळ्या वाजवतो. छाप्याच्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो, 'बारा मुलींची सुटका', आणि आपल्याला बरं वाटतं. तेराव्या दिवशी त्या बारा जणी कुठे झोपतात, दार आतून उघडतं की बाहेरून, आजारी पडल्या तर कोण नेतं, हे विचारायला आपल्यापैकी कोणी उठत नाही. सुटका म्हणजे एका कुलपातून काढून दुसऱ्यात ठेवणं नव्हे, एवढी साधी गोष्ट पहिलीतल्या मुलालाही एकदा सांगून समजेल. मोठ्यांना किती वेळा सांगायची?

गुरुवारी अध्यक्ष दवाखान्यात आले. मुलीचा जबाब घेणं नियमात होतं. त्यांनी खाटेशेजारी खुर्ची ओढली, पण थोडी लांबच. पाढेबाई पायथ्याशी उभ्या होत्या.

"कशी आहेस बाळ?" आवाज प्रेमळ होता. त्यांनाही नातवंडं असतील.

"बरी आहे."

"संस्थेत जेवण वेळेवर मिळतं?"

"मिळतं."

"कोणी मारहाण?"

"नाही."

"फाटकावरच्या बाईनं तुला पळून जायला सांगितलं होतं का?"

रेडिओ त्यांच्याकडे पाहत राहिली. "नाही."

अध्यक्षांनी चार ओळी लिहिल्या, कागद वळवून तिच्यापुढे धरला आणि पेन दिलं. "इथं नाव लिही. येतं ना लिहायला?"

"येतं. वाचायलाही येतं." तिने कागद घेतला. एकेका शब्दावर बोट ठेवून, लहान मुलं वाचतात तसं, तिने मोठ्याने वाचलं, "'मुलीची संस्थेबद्दल काहीही तक्रार नाही. सदर मुलीस फूस लावून विनापरवाना बाहेर नेण्यात आले. पायास झालेली दुखापत किरकोळ कारणाने...'" ती थांबली. "हे मी कधी म्हटलं?"

"ती लिहायची पद्धत असते बाळ. कर सही."

दाराशी बसलेली तरुण पोलीस उठून उभी राहिली होती. पाढेबाईंना पुढे व्हायचं होतं, चाळीस वर्षांची सवय होती ती, अडलेल्या मुलाला उत्तर सुचवायची. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली आणि जागच्या हलल्या नाहीत.

रेडिओने पेनाचं टोपण लावलं आणि पेन कागदावर ठेवून दोन्ही परत केलं.

"सही नाही करणार. हे माझं नाही. दुसरा कागद घ्या."

"बाळ, मला पुढं अजून दोन ठिकाणी जायचं आहे."

"मला कुठंच जायचं नाही. तुम्ही म्हणाल तेवढा वेळ आहे माझ्याकडे. घ्या कागद."

वॉर्डातल्या इतर खाटांवरच्या बायका कोपरांवर उठून बघत होत्या. अध्यक्षांनी पाढेबाईंकडे पाहिलं, पोलिसांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग पिशवीतून कोरा कागद काढला.

"हं. सांग."

"लिहा. मला पळायचं नव्हतं. मला दवाखान्यात जायचं होतं."

पेन थोडं अडखळलं, मग चाललं. दोन वाक्यं पूर्ण झाली. रेडिओने मान लांबवून ती वाचली, जशीच्या तशी आहेत की नाहीत ते तपासलं.

"पुढं?" अध्यक्षांनी वर न पाहता विचारलं.

"पुढं चौदा महिने आहेत," ती म्हणाली. "खुर्ची जवळ घ्या."